वरच्या जबड्यातले नऊ स्क्रू

मी हे लिहितेय तेव्हा माझ्या वरच्या जबड्यात एकही दात नाही. आत दोन स्क्रू आहेत, पण ते हिरडीखाली कायमचे झाकून टाकलेत. त्यांचा आता काही उपयोग नाही. एकूण नऊ बसवले होते. सात निघाले.

हे आधीच सांगून टाकते. आजारपणावरचे लेख मीही पुष्कळ वाचलेत, गेल्या तीन वर्षांत तर शोधून शोधून वाचले. शेवटी सगळं ठीक होतं आणि लिहिणारी बाई हसत असते. त्या आशेनं कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्याची फसवणूक नको.

माझं नाव सुजाता. वय सत्तेचाळीस. माहेर औंढ्याचं, राहते कामशेतला. वडिवळे धरणाच्या बाजूला एका वाडीवर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे, तिथे मी बावीस वर्षं शिकवते. माझे मिस्टर मिलिंद तळेगावला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मुलगी नाशिकला शिकते. तिला यातलं बरंचसं हे वाचूनच कळेल.

भाताचा घास

सुट्टीचा दिवस होता. दुपारी जेवताना दाताखाली खडा आला असं वाटलं. तांदूळ घरचा, औंढ्याहून आलेला, त्यामुळे आईवर थोडी चिडलेही. खडा बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला. मिलिंदनी बघितला आणि म्हणाले, "सुजाता, हा दात आहे."

मुळासकट अख्खा दात. रक्त नाही, दुखणं नाही. जिभेनं चाचपलं तर शेजारचेही हलत होते. हलतात हे मला वर्षभर माहीत होतं. वर्षभर मी सफरचंद चिरून खात होते, उसाला हात लावत नव्हते, आणि का, हे स्वतःलाही सांगत नव्हते.

मंगळवारी अर्धी रजा टाकून लोणावळ्याला गेलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चिक्कीचं दुकान. खुर्चीत डोकं मागे टाकून तोंड उघडलं की गूळ आटवल्याचा वास वर यायचा. त्या खुर्चीत मी पुढे इतक्या वेळा बसले की आता तो वास आला तरी जबडा घट्ट मिटतो.

डॉक्टर तिशीतल्या होत्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, मी शिक्षिका म्हणून त्याही मला मॅडम म्हणायच्या. त्यांनी जबड्याचा मोठा एक्सरे काढून पडद्यावर लावला.

"दात किडलेले नाहीत मॅडम. दात चांगलेच आहेत. त्यांना धरून ठेवणारं हाड गेलंय."

"गेलंय म्हणजे कुठे?" मी विचारलं. वर्गात एखाद्या पोरीनं विचारावं तसं.

"विरघळलं. हळूहळू, पुष्कळ वर्षं." मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "शुगर आहे?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा, मिश्री, काही?"

"नाही," मी म्हणाले.

मिलिंद शेजारच्या स्टुलावर बसले होते. ते भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

ती डबी

मी मिश्री लावायचे. वयाच्या अकराव्या वर्षापासून.

दाढ ठणकत होती म्हणून आईनं तिच्या डबीतली चिमूट माझ्या बोटावर ठेवली. "घास, आन थुकून टाक. गिळू नगं," म्हणाली. डोकं गरगरलं, ओकारी आली, पण दाढ थांबली. औंढ्यातल्या सगळ्या बायका लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. घरात तो धूर भरला की आम्ही पोरी खोकत खोकत हसायचो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

लपवणं डी.एड. झाल्यावर सुरू झालं. लग्नाच्या वर्षी मिलिंदना डबी सापडली. मी म्हणाले, सोडते. त्यांनी विश्वास ठेवला. त्यानंतर एकवीस वर्षं मी पहाटे पाचला उठून न्हाणीघरात वीस मिनिटं बसायचे, मग पेस्टनं दात घासायचे, मग वेलदोडा. एखाद्या दिवशी राहिली तर पोट साफ होत नसे, डोकं चढे, आणि वर्गात पोरांवर मी उगाच ओरडत असे.

आमच्या शाळेच्या भिंतीवर "तंबाखूमुक्त शाळा" अशी मोठी अक्षरं आहेत. ती मीच रंगवलीत. माझं अक्षर चांगलं म्हणून.

मग डॉक्टरांना "नाही" का म्हणाले? मी स्वतःलाच पुष्कळदा विचारलं. भीतीनं नव्हे. शिकलेली बाई, बाबासाहेबांच्या विचारांच्या घरातली, त्यांच्या फोटोसमोर बसून दुसऱ्यांना व्यसनाविषयी सांगणारी, ती न्हाणीघरात बसून मिश्री लावते, हे त्या पोरसवदा डॉक्टरांच्या फॉर्मवर लिहिलं जायला नको होतं. एवढंच.

काढणं आणि बसवणं

वरचे सगळे काढायचे ठरले. खालचे वाचवता येतील म्हणाल्या. दोन मंगळवारांत बारा दात निघाले. दात निघताना दुखत नाही, आवाज येतो. ओल्या मातीतून खुंटी उपटावी तसा, आणि तो आपल्याच डोक्याच्या आत येतो. डॉक्टरांच्या मदतनीस शोभाताई होत्या. त्या पूर्ण वेळ माझ्या कपाळावर अंगठा टेकवून उभ्या राहायच्या.  तो अंगठा नसता तर मी दुसऱ्या मंगळवारी गेलेच नसते.

घरी आल्यावर आरशात बघू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघितलं. वरचा ओठ आत गेला होता आणि आरशात माझी आई उभी होती.

तात्पुरती कवळी मिळाली. चार महिने थांबून विरघळलेल्या हाडाच्या जागी हाडाची पूड भरली. आणखी सहा महिने थांबलो. मग पक्के दात ज्यांच्यावर बसवायचे ते सहा स्क्रू बसवले. ते हाडात रुजायला पुन्हा सहा महिने. "रुजणं" हा डॉक्टरांचा शब्द. मला तो फार आवडला. आमच्याकडे भाताची रोपं लावली की आठ-दहा दिवस ती मलूल दिसतात, मग एका सकाळी ताठ होतात. तसंच असणार असं मी धरून चालले.

रुजत होते त्या दिवसांत मी रोज मिश्री लावत होते. टाके असताना आठवडाभर थांबले, मग जखमेपासून लांब, खालच्या दातांना लावते असं मनाशी म्हणत लावली.

ससा

पूड भरल्यावर आणि स्क्रू बसवल्यावर काही आठवडे कवळी घालायची नव्हती. पहिली रजा संपली, दुसरी मागायची लाज वाटली. तोंडावर मास्क लावून शाळेत जायला लागले.

पहिलीच्या पोरांना अक्षरं तोंड बघून शिकवावी लागतात. त, थ, द, ध, न. जीभ वरच्या दातांना लागली पाहिजे. माझी जीभ लागायची ती मऊ हिरडीला, नाहीतर सरळ ओठातून बाहेर. एकदा फळ्यावर सशाचं चित्र काढून मी म्हणाले, "स, सशाचा." तोंडातून आलं, "श, शशाचा."

सगळी पोरं मोठ्यानं म्हणाली, "श, शशाचा."

कुणी हसलं नाही. टवाळी असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी बाईंवर विश्वास ठेवून तसंच म्हटलं. आमच्या वाडीवरची पोरं ठाकर आदिवासींची. घरी त्यांची बोली वेगळी, शाळेची भाषा त्यांना माझ्याच तोंडून मिळते. मी तीन वेळा सुधारायला गेले. पोरांनी तीन वेळा "शशाचा" म्हटलं.

त्या आठवड्यात मी आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं, पहिली-दुसरी तुम्ही घ्या, मला तिसरी-चौथी द्या. वीस वर्षं मी अक्षरओळखीचा वर्ग घेतला होता. ते म्हणाले, "बऱ्या झालात की परत घ्या बाई." तो वर्ग आता त्यांच्याकडेच आहे.

सहातले चार

सहा महिन्यांनी हिरडी उघडून स्क्रू तपासले. डॉक्टरांनी छोट्या पान्यानं पहिला फिरवून बघितला. तो फिरला. सहज, बरणीचं झाकण फिरावं तसा. मला दुखलंसुद्धा नाही. डॉक्टर थांबल्या. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. शोभाताईंचा अंगठा कपाळावर होता, तो जरा जड झाला.

चार निघाले. दोन घट्ट होते, पण दोघांवर अख्खी वरची कमान उभी राहत नाही.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर हातमोजे काढून माझ्यासमोर बसल्या. चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "मॅडम, मला माफ करा. एखादा जातो, चार जात नाहीत. माझं कुठेतरी चुकलंय. ड्रिल गरम झालं का, निर्जंतुकीकरणात काही राहिलं का, मी सगळं पुन्हा तपासते. तुमची केस माझ्या सरांनाही दाखवते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडात कापूस होता, पण तो काही मोठा अडसर नव्हता. मी मान हलवली. म्हणजे मी त्यांना माफ केलं.

परत येताना मिलिंदनी मळवलीच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली. हेल्मेट काढलं नाही. तसेच पुढे बघत म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"मिश्री. तू कधीच सोडली नाहीस. मला वास येतो, सुजाता. एकवीस वर्षं येतो."

मी कापूस काढून रस्त्याकडेला टाकला. "मग बोलला का नाहीत? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेजारी तर बसला होतात!"

"तू नाही म्हणालीस. तुला त्यांच्यासमोर खोटी पाडू?"

"हो, पाडायचं होतं!"

"हे आत्ता म्हणतेस." मग म्हणाले, "ती पोरगी माफी मागत होती तुझी. आणि आपण दोघं गप्प बसलो. तू एकटी नाहीस. मीपण."

एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. ते रडत होते का, हेल्मेटमुळे कळलं नाही. त्यानंतर चार महिने आम्ही घरात कामापुरतं बोललो. दोघांचाही राग एकमेकांवर होता आणि दोघांनाही तो बोलून दाखवायला तोंड नव्हतं.

खरं सांगितलं तो दिवस

पुढच्या मंगळवारी मी एकटी गेले. खुर्चीत न बसता उभ्यानंच सांगितलं. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, स्क्रू बसवल्यावरही.

डॉक्टर रागावतील अशी माझी तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. म्हणाल्या, "मी आठवडाभर झोपले नाही मॅडम. मशिनवाल्याशी भांडले. शोभाताईंना बोलले, त्यांनी हत्यारं नीट उकळली नसतील म्हणून."

शोभाताई दारातच उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

आठ महिने मिश्री पूर्ण बंद, मग पुन्हा तीन स्क्रू बसवून बघू, असं ठरलं. तीन आणि जुने दोन मिळून पाच. जमेल कदाचित, म्हणाल्या. "कदाचित" वर जोर होता, मी तो ऐकला नाही.

सोडताना काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. पहिले पाच दिवस पोट दगडासारखं. डोळ्यांमागे ठोके. वर्गात खडूची पेटी फेकली, ती कुणाला लागली नाही हे माझं नशीब. बोट आपोआप दातांकडे जायचं, आणि वर दात नसायचे. आठ महिने. त्यातल्या एकाही पहाटे मी लावली नाही.

त्याच काळात औंढ्याला गेले. आई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. तिच्या तोंडात एक दात नाही, ती हिरड्यांना लावते. मी शेजारी बसून सांगितलं, "आई, माझे दात यानं गेले."

"कायतरीच! मिसरीनं दात घट ऱ्हात्यात."

"तुझे कुठे राहिले?"

ती विचारात पडली. "माजे वयानं गेले."

"चाळिशीत गेले तुझे. मला आठवतंय."

 ती उठून थुंकून आली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, "मग मीच केलं म्हन की. तुला मीच लावली व्हती."

"तसं नाही गं आई."

"तसंच हाय. तू शिकलेली, तुला ठावं. मला कोन सांगनार व्हतं?" आणि तिनं डबी ओट्यावरून खाली भिरकावून दिली.

पाचव्या दिवशी भावाचा फोन आला. आई जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, सत्तर वर्षांची बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. मी गेले. वाटेत औंढ्याच्या दुकानातून मिश्रीची पुडी घेतली आणि तिच्या हातात दिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बोटावर घेऊन लावली. मी समोर बसून होते, आणि तो वास माझ्या डोक्यात जात होता. मी लावली नाही. पण आईला दिली. मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही.

शेवटचे तीन

तीन स्क्रू बसवले. यावेळी मी काहीही चुकवलं नाही. गरम खाल्लं नाही, चूळ जोरात भरली नाही, मिश्री नाही. रोज सकाळी नवीन दातांतलं माझं हसू कसं दिसेल याचा विचार केला.

पहिला दोन महिन्यांत हलला. दुसऱ्याभोवती पू झाला. तिसरा चार महिने टिकला, मग तोही काढला. डॉक्टर म्हणाल्या, "यावेळी तुमचं काही चुकलं नाही मॅडम. हाडच उरलं नाहीये. आधीचे चार गेले तेव्हा त्यांनी बरंच हाड नेलं."

"आता?"

"पुण्याला गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवणारे आहेत. मी तुमचे फोटो पाठवले होते. ते नको म्हणाले." मग म्हणाल्या, "साधी कवळी. चिकटवायची पेस्ट लावून. ती किती धरेल सांगता येत नाही."

आधी खरं सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी विचारला. त्यांनी पडद्यावरचा एक्सरे बंद केला. शिकलेल्या माणसाला न दिलेलं उत्तरही कळतं.

त्याच संध्याकाळी मी कामशेतच्या बाजारातून डबी आणली. सोडून काय मिळालं, असं मनात होतं. अकरा दिवस लावली. बाराव्या दिवशी बंद केली, कुठल्या निर्धारानं नाही. हिरडी सोलवटली होती आणि आग होत होती म्हणून. तेव्हापासून बंद आहे. किती दिवस ते मोजत नाही.

कवळी बोलण्यापुरती चालते. भाकरी चावायला गेलं की खाली येते. मोठ्यानं हसलं तरी येते. लग्नाकार्यात मी जेवत नाही, उपवास आहे म्हणते. मग लोक विचारतात, बौद्धांत हा कसला उपवास ताई?

कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहायचं तर एकच सांगण्यासारखं आहे. डॉक्टर फॉर्मवर लिहितात ते तुमची इभ्रत काढायला नव्हे. त्यांना खरं सांगा. घरातल्यांना माहीत असेल तर घरातल्यांनी सांगा. लाज चार दिवसांची असते. आणि शोभाताईंची मी माफी मागितली, तेव्हा त्या "असू द्या" म्हणाल्या, पण पुढच्या वेळी कपाळावर अंगठा नव्हता, हेही सांगायला हवं.

मागचा रविवार

आमच्याकडे तीन वर्षं मऊच शिजतं. भात, वरण, पिठलं, मुगाची खिचडी. मिलिंदही तेच खातात. कधी तक्रार केली नाही.

रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आले. स्वयंपाकघरात मिलिंद ओट्याशी पाठमोरे उभे होते. हातातल्या ताटात भाकरी, ठेचा, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कुठून आणली होती भाकरी कुणास ठाऊक, बहुतेक शेजारच्या मावशींकडून. घाईघाईनं खात होते. माझी चाहूल लागली तसे चावायचे थांबले. गाल फुगलेला, तसेच उभे.

"अहो, उभ्यानं काय खाताय?"

त्यांनी घास कसाबसा गिळला. "नाही, असंच. झालंच."

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि बाहेर चटईवर ठेवलं. माझा खिचडीचा वाडगा घेऊन समोर बसले. कवळी काढून पाण्यात ठेवली. यांच्यासमोर मी ती कधी काढत नसे.

ते बसले. तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि ओठ मिटून चावायला लागले, जराही आवाज न करता. म्हाताऱ्या माणसासारखे.

"असं नको," मी म्हणाले. शब्द नीट फुटले नाहीत, पण त्यांना कळले. "नीट खा."

त्यांनी कांद्याची पाकळी उचलली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी ती दातांनी तोडली, मोठ्यानं, कडकन.

"आणखी," मी म्हणाले.